शक्यता नाकारता येत नाही

तात्यांना साधा प्रश्न विचारू नये. "पाऊस पडेल का हो?" म्हटलं की ते गच्चीवर जातात, आभाळ बघतात, वाऱ्याकडे तोंड करून उभे राहतात, खाली येऊन आरामखुर्चीत बसतात आणि सांगतात, "शक्यता नाकारता येत नाही." छत्री घ्यायची की नाही, ते ज्याचं त्यानं ठरवावं. आमटीत मीठ नीट पडलंय का, हे काकूंनी लग्नाच्या पहिल्याच वर्षी विचारून पाहिलं होतं. "कालच्या तुलनेत, की एकूणातच?" असा उलट प्रश्न आला. तेव्हापासून त्या घरात मीठ वरून घ्यायची पद्धत आहे.

वैद्यकीय संशोधक नावाची ही एक जातच असते. नावामागे डॉक्टर असतं, पण गोळी देत नाहीत. रोग्यापेक्षा रोगाशी यांची घसट जास्त. त्यातही तात्यांची पोटजात विरळ, म्हणजे संसर्गजन्य रोग आणि कर्करोग यांच्या मधल्या बांधावर बसणारी. जंतूवाले त्यांना कॅन्सरवाले समजतात, कॅन्सरवाले जंतूवाले समजतात, आणि अनुदान द्यायची वेळ आली की दोघेही पलीकडचं टेबल दाखवतात.

तात्या राहतात एन्नोरला. मद्रास म्हटल्यावर मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे मैलापूरचं गोपुर, कांजीवरम साड्या आणि फिल्टर कॉफी येते. त्यातली फक्त कॉफी इथपर्यंत पोचली आहे. शहराचं हे उत्तर टोक. एका अंगाला समुद्र आणि त्याला थोपवायला टाकलेले धोंडे, दुसऱ्या अंगाला कोसस्थलैयार नदीची खाडी, मध्ये बंदराकडे निघालेल्या कंटेनर-ट्रेलरांची न हलणारी रांग, आणि नजर टाकाल तिकडे कारखान्यांच्या चिमण्या. तात्यांचे वडील साताऱ्याहून इथे फिटर म्हणून आले. ऑस्टिन मोटारी जुळवणाऱ्या अशोक मोटर्सचं 1955 मध्ये अशोक लेलँड झालं, त्या सुमाराला. मुलगा डॉक्टर झाला तेव्हा त्यांनी गल्लीभर पेढे वाटले. हा डॉक्टर माणसं तपासत नाही, उंदीर तपासतो, हे कळेपर्यंत पेढे खाऊन झाले होते.

गल्लीत ते "डॉक्टर सार". पण सर्दी-तापाला त्यांच्याकडे कुणी जात नाही. एक जण गेला होता. त्याला तापाच्या कारणांची दोन पानी यादी मिळाली आणि गोळी शेवटी कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्यानेच दिली.

दिवाणखान्यात किराणा दुकानाच्या कॅलेंडरवरचा मुरुगन आहे, पंढरपूरचा विठोबा आहे आणि दोघांच्या मध्ये कोटातले एक गोरे गृहस्थ आहेत. नवा पाहुणा त्यांना तात्यांचे गाइड समजून हात जोडतो. ते आहेत योहानेस फिबिगर, डेन्मार्कचे. झुरळांतून पोटात गेलेल्या कृमींमुळे उंदरांना जठराचा कर्करोग होतो, असं त्यांनी दाखवलं आणि त्यासाठी त्यांना 1926 चं नोबेल मिळालं. पुढे इतरांनी तपासलं तर कृमी बिचाऱ्या बऱ्याच अंशी निर्दोष. उंदरांच्या खाण्यात अ जीवनसत्त्व कमी पडत होतं, आणि ज्याला कर्करोग म्हटलं तो बहुतेक वेळा कर्करोगच नव्हता. तात्या आंघोळ झाली की विठोबाला नमस्कार करतात आणि फिबिगरसमोर जरा जास्त वेळ थांबतात. "विठोबा माफ करतो," ते सांगतात, "पुढचा संशोधक करत नाही."

उलट बाजूचं दैवत आतल्या खोलीत, पुस्तकांच्या कपाटावर. पेटन राऊस. कोंबडीच्या गाठीचा अर्क पेशी गाळून टाकून दुसऱ्या कोंबडीला टोचला तरी तिला गाठ येते, म्हणजे गाळणीतून निसटणारं काहीतरी कर्करोग देतं, हे त्यांनी 1911 मध्ये दाखवलं. विषाणूने कर्करोग होतो म्हणणाऱ्याला तेव्हा कोण विचारणार! नोबेल मिळालं 1966 मध्ये, वयाच्या 87 व्या वर्षी. तात्यांची बढती एकदा अडकली होती तेव्हा त्यांनी घरी शांतपणे सांगितलं, "राऊसला पंचावन्न वर्षं लागली."

काकू म्हणाल्या, "राऊसच्या घराला हप्ते होते का?"

तात्यांची नोकरी शहरातल्या एका सरकारी संशोधन संस्थेत झाली. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण तिथल्या कॅन्टीनच्या वड्यांवर त्यांनी लिहिलेला सूक्ष्मजंतुशास्त्रीय अहवाल अजून कुठल्यातरी फायलीत असेल. एन्नोर स्टेशनवरून सकाळची लोकल, संध्याकाळी गुम्मिडिपूंडीची लोकल, आणि मधल्या वेळात हेपटायटिस बीचा विषाणू. हा यकृतात बिऱ्हाड करतो, वर्षानुवर्षं गप्प राहतो आणि काही जणांत शेवटी कर्करोगापर्यंत नेतो. का नेतो, कोणाला नेतो, या प्रश्नाला तात्यांनी उमेदीची सगळी वर्षं दिली. निवृत्तीच्या समारंभात त्यांना विचारलं गेलं की एवढ्या कामाचं सार सांगा. त्यांनी सांगितलं, "ठराविक पेशींत, ठराविक परिस्थितीत, एका ठराविक प्रथिनाची काही भूमिका असू शकते."

"हे तर मी माझ्या सासूबाईंबद्दलही सांगू शकले असते," काकू दुसऱ्या रांगेतून म्हणाल्या. टाळ्या त्यांना जास्त पडल्या.

त्या प्रथिनावरचा तात्यांचा सगळ्यात चांगला निबंध परदेशी नियतकालिकात आला, तेव्हा लेखकांच्या यादीत ते तिसरे होते. शेवटचं नाव साहेबांचं, तो रिवाजच आहे. पहिलं नाव साहेबांच्या जावयाचं. जावई त्या काळात प्रयोगशाळेत दोनदा येऊन गेले होते आणि त्यातला एक दिवस आयुधपूजेचा होता. हे दुःख तात्या उघड बोलत नाहीत. मात्र लग्नपत्रिका हातात आली की आधी नावांचा क्रम बघतात.

कावीळ हा त्यांचा विषय असल्याने गल्लीने एकदा मोठ्या आशेने त्यांना गाठलं होतं. तमिळनाडूत काविळीला कीळानेल्ली देतात, म्हणजे आपली भुईआवळी. ती घ्यावी का? आता हा प्रश्न चेन्नईत साधा नाही. हेपटायटिस बीचा शोध लावून नोबेल मिळवलेले ब्लूमबर्ग आणि मद्रास विद्यापीठाचे त्यागराजन यांनी मिळून याच वनस्पतीवर काम केलं होतं, आणि 1988 मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आलं होतं की ती घेतलेल्या 37 वाहकांपैकी 22 जणांच्या रक्तातून विषाणूची खूण गेली, न घेतलेल्या 23 पैकी एकाच्याच. तात्यांनी हे आकडे सांगितले तेव्हा गल्लीचे चेहरे उजळले. मग त्यांनी सांगितलं की पुढे इतरांनी इतर ठिकाणी करून पाहिलं तर तसं आढळलं नाही. चेहरे पडले. "म्हणजे घ्यायची की नाही, सार?" तात्यांनी चष्मा पुसला. पुढचं वाक्य गल्लीनेच एका सुरात म्हटलं आणि सगळे घरी जाऊन कीळानेल्ली वाटायला बसले.

फ्रिजचं प्रकरण वेगळं. निवृत्त झाल्यावर उणे ऐंशी अंशांचा फ्रीझर संस्थेत राहिला आणि तात्यांची नजर घरच्या फ्रिजवर गेली. खाडीच्या पाण्याचे नमुने लिंबाच्या लोणच्याच्या बाटल्यांत, तारखेची चिठ्ठी लावून, दुधाशेजारी विराजमान झाले. काकूंनी आवाज चढवल्यावर तात्यांनी इतिहास काढला. 1986 च्या सुमाराला मद्रास मेडिकल कॉलेजच्या डॉ. सुनीती सॉलोमन यांनी निर्मला या विद्यार्थिनीला एड्सच्या विषाणूवर काम दिलं. भारतात हा रोग नाहीच, असं सगळे छातीठोक सांगत होते. निर्मलांनी देहविक्रय करणाऱ्या बायकांच्या रक्ताचे नमुने गोळा केले, ठेवायला जागा नव्हती म्हणून घरच्या फ्रिजमध्ये ठेवले, वेल्लोरला नेऊन तपासले, आणि देशातल्या एचआयव्हीच्या पहिल्या नोंदी झाल्या. "आणि सुनीतीबाई माहेरच्या कोण? गायतोंडे! मद्रासच्या मराठी गायतोंडे, चामड्याचे व्यापारी!" शेवटचा मुद्दा फ्रिजशी कसा जोडलेला आहे, हे तात्यांनी सांगितलं नाही.

"त्यांनी एड्स शोधला," काकू म्हणाल्या. "तुम्ही माझं विरजण नासवलंत."

आकड्यांचा त्यांना सोस, पण आकड्यांवर विश्वास नाही, हा गुंता मला अजून सुटलेला नाही. संसर्गामुळे होणारा कर्करोग हा आवडता विषय. 2018 मध्ये जगात झालेल्या नव्या कर्करोगांपैकी साधारण 13 टक्के संसर्गाशी जोडलेले होते, हे ते रिक्षावाल्यालाही सांगतात. पण रिक्षावाला "बापरे, तेरा टक्के!" म्हणाला की लगेच, "अंदाज आहे हो, अंदाज." लग्नसमारंभात ते वधूवरांपेक्षा वधूच्या लहान चुलत-मामे बहिणींची चौकशी करतात. वय नऊ ते चौदा? एचपीव्हीची लस दिली का? गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे हाच विषाणू, हे शोधून काढणाऱ्या त्सुर हाउझन यांना 2008 मध्ये नोबेल मिळालं, आता तर पुण्याच्या सीरमची लससुद्धा आली, मग थांबलात कशाला? तांबरमच्या एका मंगल कार्यालयात त्यांनी आहेराच्या पाकिटात नोटेबरोबर लसीचं माहितीपत्रक घातलं होतं. यजमानांनी ते मंडपवाल्याचं बिल समजून जपून ठेवलं.

आणि बीसीजी! बीसीजीचा विषय निघाला की काकू कुकर लावायला उठतात. तात्यांचे जुने शेजारी मूत्राशयाच्या कर्करोगाने आजारी पडले तेव्हा डॉक्टरांनी त्यांच्या मूत्राशयात बीसीजी सोडली. शेजाऱ्यांना वाटलं, डॉक्टरांची फाइल बदलली. लहानपणी दंडावर टोचतात ती क्षयाची लस इथे कशाला? तात्यांना त्या दिवशी भरून आलं. इथून जवळच्या चेंगलपट्टू भागात 1968 पासून या लसीची अवाढव्य चाचणी झाली होती आणि मोठ्या माणसांच्या फुफ्फुसाच्या क्षयाला तिने काही अडवलं नाही, असा निष्कर्ष आला होता. तीच लस 1976 पासून मूत्राशयाच्या कर्करोगावर वापरात आहे, कारण ती तिथली प्रतिकारशक्ती चेतवते. स्वतःच्या गावी नापास झालेला मुलगा परगावी कलेक्टर निघावा, तशी. शेजाऱ्यांना बरं वाटलं. कशामुळे वाटलं ते मी तात्यांना विचारलं नाही.

पण त्यांची खरी लाडकी गोष्ट कुष्ठरोगाच्या लसीची. ती सांगताना ते आरामखुर्ची सोडतात. मुंबईत डॉ. वसंत रामजी खानोलकर होते. टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या प्रयोगशाळा त्यांनी उभ्या केल्या, आणि त्यांचा एक पाय कर्करोगात तर दुसरा कुष्ठरोगात. "माझ्यासारखाच बांधावरचा माणूस," तात्या म्हणतात, आणि लगेच, "म्हणजे बांध तोच, माणूस वेगळा." 1952 मध्ये परळला भारतीय कर्करोग संशोधन केंद्र निघालं. तिथे पुण्याच्या समर्थांची कमल, म्हणजे डॉ. कमल रणदिवे, जॉर्ज गाय यांच्या बाल्टिमोरच्या प्रयोगशाळेत पेशी वाढवायला शिकून आलेल्या. त्यांनी स्तनाच्या कर्करोगावर काम केलं, उंदरांच्या जाती सांभाळल्या, आणि त्याच केंद्रात कुष्ठरुग्णांकडून घेतलेले जिवाणूही वाढवले गेले. त्या जिवाणूंपासून लस झाली. तिला नाव पडलं आयसीआरसी, म्हणजे कर्करोग केंद्राची आद्याक्षरं! "कुष्ठरोगाच्या लसीला कर्करोगाच्या संस्थेचं नाव. आणि तिची परीक्षा कुठे झाली? इथे! आवडीला!" आवडी हे चेन्नईच्या पश्चिमेचं उपनगर. तिथल्या केंद्रातून डॉ. मोहन गुप्ते यांच्या गटाने 1991 पासून सुमारे 1 लाख 71 हजार लोकांवर चार प्रकारच्या लसींची तुलना केली. 1998 मध्ये निकाल छापून आला. आयसीआरसीने 65.5 टक्के संरक्षण दिलं, नुसत्या बीसीजीने 34.1. "लस मुंबईची, गुप्ते आपले आणि दंड तमिळ!" तात्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. अशा वेळी मी एकदा चुकून म्हणालो, "म्हणजे लस यशस्वी झाली."

"पासष्ट पूर्णांक पाच," तात्या म्हणाले आणि पुन्हा खुर्चीत बसले.

असा माणूस मैलापूरला राहिला असता तर विनोदी म्हणून खपून गेला असता. पण एन्नोरला लोक खोकतात. औष्णिक वीज केंद्राची राख खाडीत साचलेली आहे. 2017 च्या जानेवारीत बंदराबाहेर दोन जहाजं धडकली आणि किनाऱ्यावर आलेलं तेल माणसांनी बादल्यांनी उपसलं. 2023 चा डिसेंबर तर विचारूच नका. महिन्याच्या सुरुवातीला मिचाँग वादळाच्या पुरात मनलीकडून तेल वाहत खाडीत उतरलं, पेलिकन काळे झाले, कोळ्यांची जाळी गेली. महिना संपता संपता, 26 तारखेच्या रात्री, समुद्राखालच्या नळीतून अमोनिया सुटला आणि लोक पोरांना काखोटीला मारून अंधारात पळाले. त्यानंतर मासळी घेऊन येणारी मीनकारम्मा टोपली उतरवून पायरीवर बसली आणि तिने सरळ विचारलं, "डॉक्टर सार, या सगळ्याने आम्हाला कॅन्सर होणार का?"

तात्यांनी नेहमीचं वाक्य म्हटलं नाही. त्यांनी समजावून सांगितलं. कर्करोगाला कारण चिकटवणं अवघड असतं. दहा-वीस वर्षांचा माग काढावा लागतो. तंबाखू, चूल, वय, सगळं वेगळं काढावं लागतं. चिमण्या असलेलं गाव आणि नसलेलं गाव शेजारी ठेवावं लागतं.

"वीस वर्षं?" मीनकारम्मा म्हणाली. "मग आजच माझं नाव लिहून घ्या. उशीर नको."

पुढच्याच महिन्यात खाडीकाठच्या एका प्रकल्पाची जनसुनावणी होती. मी तात्यांबरोबर गेलो होतो. मंडप, प्लास्टिकच्या खुर्च्या, पाण्याच्या छोट्या बाटल्या, आणि व्यासपीठावर प्रकल्पवाल्यांचे टाय लावलेले तज्ज्ञ. ते म्हणाले, "आरोग्यावर दुष्परिणाम होत असल्याचा कोणताही निर्णायक पुरावा उपलब्ध नाही." वाक्य अगदी तात्यांच्या घराण्यातलं. मला वाटलं, तात्या मान डोलावणार. तात्या उभे राहिले. त्यांचा आवाज एवढा चढलेला काकूंनीही कधी ऐकला नसेल. "पुरावा उपलब्ध नाही, कारण तुम्ही शोधलाच नाही! न शोधता सापडला नाही म्हणणं हे शास्त्र नव्हे, ही चोरी आहे!" मंडप दुमदुमला. कुणीतरी शिट्टी मारली. टाळ्या थांबल्यावर तात्या खाली बसता बसता माइकमध्ये म्हणाले, "माझ्या माहितीप्रमाणे."

तेव्हापासून तात्यांचं स्वतःचं सर्वेक्षण सुरू आहे. पहिल्या प्रश्नावलीत बेचाळीस प्रश्न होते. चहाच्या टपरीवर एका ट्रेलर ड्रायव्हरने ती भरायला घेतली. नवव्या प्रश्नाला रांग हलली आणि तो प्रश्नावलीसकट गेला. काकूंनी प्रश्न बारावर आणले. मग तुलनेचं गाव शोधणं आलं. तात्या आधी मैलापूरला गेले. तिथल्या एका सद्गृहस्थांनी कॉफी दिली, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "एन्नोर म्हणजे आंध्रातलं ना?" मग उत्तरेला पळवेरकाडूच्या कोळीवाड्यात गेले. तिथली माणसं तशीच, धंदा तोच, पाणी तेच, फक्त चिमण्या नाहीत. तिथले पुढारी तुलनेसाठी एका पायावर तयार झाले. त्यांची शंका एकच होती, "बंदर आमच्याकडे सरकतंय म्हणतात. तुमची वीस वर्षं होईपर्यंत आमच्याकडे चिमणी येऊ नये, असं तुम्ही लिहून द्याल का?"

हे सगळं मीनकारम्माला कळत होतं. एका रविवारी ती टोपलीऐवजी पिशवी घेऊन आली. पिशवीत मुलीच्या शाळेच्या जुन्या वह्या. उधारीच्या. प्रत्येक घराला एक पान, पान भरलं की पुढच्या वहीत पुन्हा तेच घर, अशा वीसेक वर्षांच्या. नेत्तिली, कोळंबी, वंजिरम, किती दिले, किती आले. आणि समासात मुलीच्या अक्षरात शेरे. "दम लागतो, आता काट्याचे मासे नको म्हणतात." "घर बदललं, चिमणीपासून लांब." "पोटात गाठ, अड्यारच्या कॅन्सर हॉस्पिटलात नेलं." "वारले. बाकी सोडली."

तात्यांनी चार पानं उलटली, मग घाईघाईने चाळीस. "कोहॉर्ट!" ते ओरडले. "अगं, हा कोहॉर्ट आहे!"

"नाही सार, उधारीची वही आहे," मीनकारम्मा म्हणाली.

तात्यांनी तिला खुर्ची दिली. कॉफी आली. कोहॉर्ट म्हणजे त्याच त्या माणसांचा वर्षानुवर्षं काढलेला माग, आणि हा कागद जगात कुठेही छापून येऊ शकतो, त्यांनी सांगितलं, फक्त नोंदी तपासाव्या लागतील. मीनकारम्माने कॉफी फुंकत ऐकून घेतलं आणि वह्या पुन्हा पिशवीत भरल्या. तिच्या दोन अटी होत्या. छापून येईल त्यात पहिलं नाव तिचं. तात्यांनी आवंढा गिळला. जावयाचा दिवस त्यांना आठवला असावा. पण ते "मान्य" म्हणाले, एकदम, कुठलीही पुस्ती न जोडता. काकूंनी दचकून स्वयंपाकघरातून डोकं बाहेर काढलं.

दुसरी अट म्हणजे वही हातात घेणाऱ्याच्या घरची बाकी आधी मिटली पाहिजे. तिने पान उघडून दाखवलं. डॉक्टर सार, नेत्तिली, दोन वेळची. तीनशे चाळीस रुपये. काकू पर्स घेऊन आल्याच होत्या, तेवढ्यात तात्या आडवे आले. "थांब! आत्ता पैसे दिलेस तर नोंद बिघडेल. अभ्यास चालू असताना अभ्यासकाने आकड्यांत हात घालायचा नसतो. आहे ती बाकी तशीच राहिली पाहिजे!"

काकूंनी त्याचं तमिळ करून सांगितलं. मीनकारम्मा पिशवी उचलत म्हणाली, "पैसे द्यायची वेळ आली की गल्लीत प्रत्येक जण असंच काहीतरी सांगतो, अम्मा. फक्त एवढं शिकलेलं कुणी नसतं."